नाटक साडेचारचं, जेवण साडेसातचं

नाटक बघायचं आणि बाहेरच जेवून घरी यायचं, असा बेत ठरला की बहुतेक घरांत आधी नाटक निवडलं जातं, मग तिकिटं काढली जातात. जेवायचं कुठे, हा विचार नाट्यगृहातून बाहेर पडल्यावर, फूटपाथवर उभं राहून सुरू होतो. तोवर रात्रीचे अकरा वाजलेले असतात. समोरच्या उडप्याकडे खुर्च्या टेबलांवर उलट्या चढलेल्या असतात आणि जिथे आत बसू देतात तिथे वेटर पहिल्यांदा ‘लास्ट ऑर्डर’ म्हणतो. भूक मेलेली, आजींची गोळी घ्यायची राहिलेली, मुलं पेंगुळलेली. नाटक कितीही रंगलेलं असो, घरी पोहोचेपर्यंत त्यावर एक शब्द बोलायचं त्राण कुणात उरत नाही.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी फार काही करावं लागत नाही. आधी घड्याळाचा हिशेब मांडायचा. हल्लीचं मराठी नाटक बहुधा दोन अंकी असतं आणि त्याला मध्ये एकच मध्यंतर असतं. मध्यंतर धरून सव्वादोन ते अडीच तास. रात्रीचा प्रयोग आठ-साडेआठला लागतो. तिसरी घंटा होऊन पडदा उघडेपर्यंत पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात. म्हणजे साडेआठचं नाटक अकराच्या आत सुटत नाही. मुंबईतल्या हॉटेलांना त्यानंतरही उघडं राहायची परवानगी असते. पण उपनगरातल्या आपल्या नेहमीच्या, घरगुती वळणाच्या हॉटेलांची चूल तोवर विझत आलेली असते. रात्रीचा प्रयोग आणि त्यानंतर निवांत जेवण हा बेत म्हणूनच क्वचित जमतो.

यावरचा उपाय म्हणजे रविवारचा दुपारचा प्रयोग. तो चार-साडेचारला लागतो आणि पावणेसात-सातला सुटतो. चांगली हॉटेलं दुपारी बंद ठेवून संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा उघडतात आणि त्यांच्याकडची खरी गर्दी साडेआठनंतरची असते. सव्वासातला पोहोचलेल्या माणसाला रविवारीही टेबल मिळतं, स्वयंपाकघर ताजं असतं, वेटरला वेळ असतो. जेवून साडेनऊपर्यंत घरी. सोमवारची शाळा आणि ऑफिस दोन्ही सुखरूप. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवताना नाटकावर बोलायला पूर्ण दीड तास हाती असतो. माझ्या मते अशा संध्याकाळी जेवणाचं खरं काम हेच आहे. नाटक पाहताना आपण शेजारी बसूनही प्रत्येकजण वेगळं नाटक पाहत असतो. आईला कुठलं वाक्य लागलं आणि मुलीला कुठल्या प्रसंगाचा राग आला, हे जेवणाच्या टेबलावरच कळतं. प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ 1991 साली रंगभूमीवर आलं आणि 2022 मध्ये नव्या संचात पुन्हा उभं राहिलं. एका घरातल्या चार बायकांचं हे नाटक पहिल्यांदा पाहिलेली आई आणि आता पाहणारी मुलगी एकत्र बसल्या, तर त्यांना बोलायला गावठाणातली खानावळही पुरते, फक्त कुणी उठवायला यायला नको.

दुपारच्या प्रयोगात एकच खोच आहे, आणि ती रेल्वेची. मेगाब्लॉक रविवारी असतो आणि तो साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. साडेचारच्या नाटकासाठी तीन-सव्वातीनला घरातून निघणारा माणूस नेमका त्याच्या शेपटात सापडतो. धिम्या गाड्या जलद मार्गावरून वळवलेल्या असतात, मधली काही स्टेशनं गाळली जातात, एरवी वीस मिनिटांच्या प्रवासाला पाऊण तास लागतो. ब्लॉकची बातमी शुक्रवार-शनिवारच्या वर्तमानपत्रांत येते. ती वाचूनच निघायची वेळ ठरवा. मध्य रेल्वेवर राहत असाल तर ही बातमी नाटकाच्या जाहिरातीइतकीच लक्ष देऊन वाचायची.

आता जायचं कुठे. उपनगरातल्या कितीतरी लोकांच्या मनात नाटक म्हणजे अजूनही दादर, म्हणजे शिवाजी मंदिर. त्या वास्तूचा मान मोठा आहे. ती 1965 पासून मराठी नाटकाचं घर आहे. पण बोरिवलीत राहणाऱ्या कुटुंबाने आजी-आजोबांना घेऊन दर वेळी दादर गाठायची आता गरज नाही. चालू असलेलं जवळजवळ प्रत्येक व्यावसायिक नाटक महिन्या-दोन महिन्यांत उपनगरातल्या तीन मोठ्या नाट्यगृहांपैकी एकात येतंच. बोरिवली पश्चिमेला सोडावाला लेनमध्ये प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर, विलेपार्ले पूर्वेला दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, मुलुंड पश्चिमेला महाकवी कालिदास नाट्यमंदिर. या तिन्ही नावांना नाटकाचा आधार आहे, हे मला फार आवडतं. कालिदास तर नाटककारच. त्याच्याच शाकुंतलावरून अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये मराठी संगीत नाटकाला उभं केलं. दीनानाथांनी बलवंत संगीत मंडळी चालवली. आणि प्रबोधनकारांची ओळख समाजसुधारक म्हणून मोठी असली, तरी त्यांनीही नाटकं लिहिली होती. मुलाबाळांना घेऊन जाणार असाल तर दारातून आत शिरताना एवढं त्यांना जरूर सांगा.

अंधेरीकरांना यांपैकी पार्ले सर्वांत सोयीचं. लोकलने एकच स्टेशन. घाटकोपरकरांसमोर दोन वाटा आहेत. मुलुंडला जायचं तर धिमी लोकल पकडायची. विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मग मुलुंड. पार्ल्याला जायचं तर 2014 पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आहे. अंधेरीला उतरून एक स्टेशन मागे यायचं. मेट्रोला रविवारच्या ब्लॉकशी देणंघेणं नसतं, त्यामुळे ब्लॉक मध्य रेल्वेवर असेल त्या रविवारी घाटकोपरकरांनी मुलुंडऐवजी पार्ल्याचा प्रयोग धरावा. दहिसर ते अंधेरी पट्ट्यातल्या लोकांना आता मेट्रो 2अ आणि 7 आहेत. 2अ वरचं बोरिवली पश्चिम स्थानक लिंक रोडवर आहे, तिथून सोडावाला लेनला रिक्षा करावी.

गाडी घेऊन जाण्याचा मोह शक्यतो आवरावा. कालिदास क्रीडासंकुलाच्या आवारात आहे, त्यामुळे तिथे थोडा वाव तरी असतो. बाकी दोन्हीकडे रविवारच्या हाऊसफुल प्रयोगाला जागा शोधण्यात पहिली आणि दुसरी घंटा वाजून जाते.

अंधेरी-जुहूच्या बाजूला आणखी एक घर आहे, पृथ्वी थिएटर. इथली रीत सगळी वेगळी आहे. जेमतेम दोनशे खुर्च्या, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये नट. हिंदी आणि इंग्रजी नाटकं इथे जास्त होतात, मराठी अधूनमधून. पण मराठी प्रेक्षकाने ते परकं मानू नये. 5 नोव्हेंबर 1978 रोजी पृथ्वीचा पडदा उघडला तो गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’च्या हिंदी प्रयोगाने. आणि 5 नोव्हेंबर हा आपला मराठी रंगभूमी दिन; 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याची आठवण. पृथ्वीवर उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत. कितीही विनवणी करा, कितीही तिकिटाचे पैसे दाखवा, उपयोग होत नाही, आणि ते योग्यच आहे. एवढ्या लहान जागेत दार उघडलं की नटाच्या डोळ्यांत उजेड जातो. तिथे अर्धा तास आधीच पोहोचा. आवारातल्या कॅफेत झाडांखाली बसून चहा आणि काहीतरी खाणं उरकता येतं, त्यामुळे जेवण आणि नाटक एकाच आवारात हवं असेल तर उपनगरात यासारखी दुसरी जागा नाही. फक्त नाटकाआधीच्या तासात तिथे टेबलासाठी थांबावं लागतं, ते धरून चाला.

तिकिटांचं सांगायचं तर नाटकांच्या जाहिराती अजूनही वर्तमानपत्रांतच सगळ्यात नीट सापडतात. ‘लोकसत्ता’ किंवा ‘महाराष्ट्र टाइम्स’चं नाटकांचं पान काढलं की आठवडाभराचे सगळे प्रयोग एका नजरेत येतात. जाहिरातीत नाट्यगृहाचं नाव आणि वेळ दोन्ही दोनदा वाचा. एकाच नाटकाचे शनिवारी ठाण्यात, रविवारी दुपारी पार्ल्यात आणि रात्री बोरिवलीत असे प्रयोग लागलेले असतात. घाईत भलतंच नाट्यगृह डोक्यात बसतं. तिकिटं बुकमायशोवर मिळतात, प्रशांत दामले यांनी सुरू केलेल्या ‘तिकिटालय’ या मराठी अॅपवरही मिळतात. तरीही जवळ राहत असाल तर खिडकीवर जा. तिथे प्लॅन समोर ठेवलेला असतो आणि खिडकीवरच्या माणसाला त्या सभागृहातली खुर्चीन् खुर्ची ठाऊक असते. गुडघे दुखणारी आजी आहे, असं सांगितलंत तर तो कडेची, पायऱ्या कमी लागणारी जागा स्वतः काढून देतो. अॅपमध्ये हे सुख नाही. खिडकी दुपारी बंद असते, म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी जावं.

कुठे बसायचं, याबद्दल माझं ठाम मत आहे. पहिल्या दोन रांगा टाळाव्यात. मान वर करून बसावं लागतं आणि नटांचे पाय दिसत नाहीत. पाचव्यापासून दहाव्यापर्यंतच्या मधल्या खुर्च्या उत्तम. त्या मिळत नसतील तर कडेच्या पुढच्या खुर्चीपेक्षा मधली मागची खुर्ची घ्या. आपली बरीच नाटकं दिवाणखान्याच्या सेटवर घडतात; एका टोकाला बसलं की त्याच बाजूच्या दारातून होणारी प्रत्येक एंट्री चुकते, फक्त आवाज ऐकू येतो. बाल्कनीला कमी लेखू नका. स्वस्त असते, आणि नेपथ्य, प्रकाशयोजना तिथून पूर्ण दिसते. मात्र जिने चढावे लागतात, हे ज्येष्ठांसाठी लक्षात ठेवा. पुढच्या रांगांचं तिकीट बऱ्याच नाटकांना पाचशेच्या आतबाहेर असतं. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे निर्माते सहसा तो आकडा ओलांडत नाहीत. चौघांचं कुटुंब मधल्या रांगांत बसलं तर दीड-दोन हजार तिकिटांचे, आणि साधारण तेवढेच जेवणाचे, असा अंदाज धरावा. बाल्कनी आणि उडप्याचं जेवण घेतलं तर हाच बेत निम्म्यात होतो आणि त्यात कमीपणा अजिबात नाही.

लहान मुलांना कधी न्यायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला मोठ्यांच्या नाटकाला नेऊ नका. त्याला कळत नाही, ते कंटाळून रडतं, आणि रंगमंचावरच्या नटाची लय तुटते. त्याच्यासाठी बालनाट्यं असतात. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे भरपूर प्रयोग लागतात. तिथे मुलांनी ओरडलं, उठून उभं राहिलं तरी चालतं, किंबहुना तेच अपेक्षित असतं. मोबाइल बंद करा, हे सांगण्याची वेळ येऊ नये. पण अजून येते. सायलेंटवर ठेवलेला फोनसुद्धा अंधारात उघडला की मागच्या चार रांगांना त्याचा उजेड दिसतो. नाटक करणारी माणसं त्या क्षणी आपल्यासमोर जिवंत उभी आहेत, एवढं मनात ठेवलं तर फोन आपोआप पिशवीत राहतो.

पिशवीत आणखी दोन वस्तू असू द्या. एक शाल, कारण वातानुकूलन कधीकधी फार तिखट असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिजून आलात तर अडीच तास कुडकुडावं लागतं. दुसरी, ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी बिस्किटं किंवा चणे-फुटाणे, मध्यंतरात खाण्यासाठी.

मध्यंतर म्हटलं की बटाटेवडा. नाट्यगृहाच्या वड्याशिवाय नाटक पाहिल्यासारखं वाटत नाही, आणि ही सवय मोडावी असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त त्या पंधरा मिनिटांत काउंटरपाशी आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहापाशी दोन्हीकडे लांब रांग लागते, म्हणून दोघं असाल तर वाटून घ्या: एकाने वड्यांच्या रांगेत, दुसरीने त्या रांगेत. वडा बाहेरच संपवा. आत नेलेल्या कागदी पिशवीचा आवाज दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीच्या शांततेत किती मोठा होतो, ते शेजारच्यांना विचारा. आणि पुढे जेवायचं आहे, म्हणून एकच वडा.

आता जेवण. पार्ले पूर्व या बाबतीत सर्वांत नशीबवान आहे. हनुमान रोडवरचं ‘गजाली’ मासेखाऊ मंडळींसाठी. कोंबडी-मटण सोडून इथे बोंबील, सुरमई आणि खेकडा मागवावा. इथे रविवारी आठनंतर गेलात तर थांबावं लागणार हे गृहीत धरा. दुपारच्या प्रयोगावरून थेट गेलात तर बहुधा वाट पाहावी लागत नाही. फक्त चटकन काही हवं असेल तर पार्ल्याचा बाबूचा वडापाव प्रसिद्ध आहे. मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्यांच्या आसपास शाकाहारी खाण्याची रेलचेल आहे. गुजराती आणि दाक्षिणात्य दोन्ही चवी उत्तम मिळतात. मासे हवे असतील तर मुलुंडहून थोडं पुढे ठाण्याकडे किंवा मागे भांडुपकडे सरकावं लागतं. बोरिवलीत एस. व्ही. रोड आणि लोकमान्य टिळक रोडच्या पट्ट्यात उडपी, पंजाबी, मालवणी सगळं आहे. थोडं वेगळं वातावरण हवं असेल तर आय. सी. कॉलनीकडे वळा. घाटकोपरकरांनी मुलुंडहून परतताना स्वतःच्या स्टेशनवरच उतरून पूर्वेच्या खाऊगल्लीत डोसे खाल्ले तर सगळ्यांत सोपं. हा सल्ला खरंतर सगळ्यांनाच लागू आहे: नाट्यगृहाजवळ जेवण्यापेक्षा घराजवळ जेवावं. प्रवास आधी उरकतो, आणि जेवल्यावर अंगात सुस्ती आली तरी घर चालत जाण्याइतकं जवळ असतं.

साडेसातचं टेबल आधीच फोन करून सांगून ठेवा, आणि वेळ थोडी सैल ठेवा. नाटक संपल्यावर लगेच पळू नका. नटमंडळी नमस्काराला येतात तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवा. खुर्चीवरून उठून दाराकडे धावणारी पाठ नटाला दिसते. नाटक मनापासून आवडलं असेल तर रंगपटात जाऊन कलाकारांना भेटून सांगायची आपल्याकडे जुनी रीत आहे. दारावरच्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा सोडतात. दोन वाक्यं बोला, फोटोचा आग्रह धरू नका, विशेषतः रात्री त्यांचा दुसरा प्रयोग असेल तर. दुपारी पार्ल्यात काम केलेल्या नटाला साडेआठला बोरिवलीत उभं राहायचं असतं आणि त्याचंही जेवण त्या मधल्या दोन तासांत व्हायचं असतं.

दुपारचा प्रयोग जमतच नसेल, शनिवार रात्रच मोकळी असेल, तर जेवण उलटं करा. सात वाजता, नाट्यगृहापासून दहा मिनिटांच्या अंतरावर बसा आणि हलकं खा. थालीपीठ, डोसा, मिसळ, सूप आणि टोस्ट, यातलं काहीही. पोटभर मासे-भात खाऊन गार सभागृहात बसलात तर पहिल्या अंकाची दहा मिनिटं डोळे मिटूनच जातात. जुन्या काळी संगीत नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, आणि लोक घरून जेवून येत. पण ते सगळ्या रात्रीच्या तयारीने येत. नाटक सुटल्यावर भूक लागलीच तर घरी ठेवलेला दहीभात उत्तम. त्यासाठी निघण्यापूर्वी कुकर लावून ठेवणं एवढंच काम आहे.

रात्रीच्या प्रयोगाचा परतीचा विचारही आधी करा. अकराला सुटलेल्या नाटकानंतर लोकल असतात, पण विरळ असतात. हातात वेळापत्रक असू द्या. बायकाच मिळून जात असाल तर महिलांच्या डब्यात रात्री पोलीस असतो, त्याच डब्यात बसा. रिक्षाला मध्यरात्री बारानंतर मीटरवर पाव पट जादा द्यावं लागतं. दिवसाचं किमान भाडं 2025 च्या फेब्रुवारीपासून 26 रुपये आहे, तेव्हा हिशेब सोपा आहे. प्रयोग सुटल्यावर नाट्यगृहाच्या फाटकात शे-दोनशे माणसं एकदम रिक्षा शोधतात. मुख्य रस्त्यापर्यंत पाच मिनिटं चालत या. चालता चालता शेवटच्या प्रवेशावर बोलायला सुरुवातही होऊन जाईल.